जखमेतल्या अळीची जात : लिबिया, १९८८

१९८८ मध्ये लिबियाच्या वायव्य भागात, त्रिपोलीच्या आसपासच्या कळपांमध्ये, जनावरांच्या जखमांत किडे पडण्याच्या तक्रारी वाढू लागल्या. किडे पडणे तिथे नवे नव्हते. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत जखमेत अळ्या घालणारी माशी आधीपासून आहे आणि मेंढपाळांना ती ठाऊकही आहे. तपासणीत मात्र अळी निघाली कॉक्लिओमाया होमिनिव्होरॅक्सची, म्हणजे अमेरिका खंडातल्या स्क्रूवर्मची, जिवंत जनावराचे मांस खाणाऱ्या अळीची. अमेरिकेबाहेर ही माशी त्याआधी कुठेच स्थायिक झालेली नव्हती. दक्षिण अमेरिकेतून आयात केलेल्या जनावरांबरोबर ती आली असावी, असे मानले जाते.

पुढे जे काही झाले ते या एका नावावर उभे होते. या माशीवरचा हमखास उपाय म्हणजे वांझ केलेले नर कोट्यवधींनी सोडणे. होमिनिव्होरॅक्सची मादी साधारणपणे आयुष्यात एकदाच समागम करते. तो वांझ नराशी झाला की तिची अंडी उबत नाहीत. पण हे नर फक्त आपल्याच जातीच्या माद्यांवर उपयोगी. जखमेतली अळी दुसऱ्या जातीची असती, तर मेक्सिकोहून विमानाने आणलेली प्रत्येक खेप वाया गेली असती. म्हणून ‘जखमेत माशीच्या अळ्या आहेत’ एवढ्यावर थांबून चालणार नव्हते. कुळ, प्रजाती (जीनस) आणि शेवटी जात (स्पीशीज), इथपर्यंत जावे लागणार होते.

संशयित कोण कोण

लिबियातल्या जखमेत अळी सापडली, तर पाच-सहा नावे समोर ठेवावी लागतात. पहिले वोलफार्शिया मॅग्निफिका. ही सार्कोफॅजिडी कुळातली. अंडी न घालता ती थेट जिवंत अळ्या सोडते आणि निरोगी मांस खाते, त्यामुळे जखमेचे रूप स्क्रूवर्मसारखेच दिसते. दुसरे ल्युसिलिया, हिरव्या चकचकीत माशा. या मेंढीच्या ओल्या, घाणीने माखलेल्या लोकरीत आणि सडलेल्या जखमेत येतात. तिसरे क्रायसोमाया अल्बिसेप्स, मुख्यतः मेलेल्या जनावरावरची, पण उघड्या जखमेतही शिरणारी. चौथे क्रायसोमाया बेझियाना, म्हणजे आपल्याकडचा स्क्रूवर्म. ही माशी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, आखाती देशांत, भारतात आणि आग्नेय आशियात आढळते. लिबियात ती नव्हती, पण शेजार पाहता तिला वगळूनच पुढे जावे लागले असते. पाचवे होमिनिव्होरॅक्स, आणि सहावे तिचीच सख्खी बहीण कॉक्लिओमाया मॅसेलारिया. एक अमेरिकी माशी समुद्र ओलांडून येऊ शकते, तर दुसरीही येऊ शकते.

यातल्या पहिल्या तीन भिंगाखाली काही मिनिटांत बाजूला होतात. खरी कसोटी शेवटच्या तीन नावांत आहे.

नमुना जखमेपाशीच बनतो किंवा बिघडतो

स्क्रूवर्मची मादी जखमेच्या कोरड्या कडेवर एका वेळी साधारण दोनशे अंडी घालते, कौलांसारखी एकावर एक रचून. १२ ते २४ तासांत अळ्या बाहेर पडतात, डोके खाली घालून मांसात घुसतात आणि ५ ते ७ दिवसांत पूर्ण वाढतात. मग जमिनीवर पडून मातीत कोष करतात. एकदा जखम वाहू लागली की वासाने दुसऱ्या माशा येतात आणि त्यांच्या अळ्या वरच्या थरात, सडक्या भागात वाढतात. म्हणजे एकाच जखमेत दोन-तीन जातींच्या अळ्या असू शकतात. मुख्य गुन्हेगार तळाशी, बाकीचे वर.

वरवर दिसणाऱ्या चार अळ्या चिमट्याने उचलून बाटलीत टाकल्या, तर बऱ्याचदा फक्त दुय्यम माश्या हाती लागतात आणि अहवालात ल्युसिलिया लिहिले जाते. अळ्या जखमेच्या सर्वांत खोल कप्प्यातून काढायच्या, निदान दहा तरी. मोठ्या अळ्यांना प्राधान्य द्यायचे, पण सगळ्याच एका मापाच्या नकोत. जखमेवर औषध घालायच्या आधी त्या काढलेल्या बऱ्या. टर्पेंटाइनने किंवा कीटकनाशकाने मेलेल्या अळ्या आखडतात आणि काळपटतात.

यानंतरची पायरी सर्वांत जास्त वेळा चुकते. जिवंत अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकू नये. ती आकसते, आतले प्रथिन हळूहळू सडते, अळी तपकिरी होते आणि ज्या काळ्या रेषेवर सगळा निकाल आहे ती तपकिरीत बुडून जाते. योग्य रीत साधी आहे. पाणी उकळून आचेवरून उतरवायचे आणि अळ्या त्यात १५ ते ३० सेकंद ठेवायच्या. त्या ताठ, लांब आणि पांढुरक्या राहतात. मग ८० टक्के इथेनॉलमध्ये ठेवायच्या. बाजारात ९५ टक्क्यांचे मिळत असेल, तर ८४ मिलिलिटरमध्ये १६ मिलिलिटर पाणी. अळ्यांच्या मानाने द्रव भरपूर हवा. कोंबून भरलेल्या बाटलीत अळ्यांच्या अंगातले पाणी इथेनॉल पातळ करते. दुसऱ्या दिवशी द्रव बदलला तर उत्तम. फॉर्मलिन टाळावे. ऊती कडक होते, पुढे पारदर्शक करताना त्रास होतो आणि डीएनएही खराब होतो. पुढे डीएनए तपासणी करायची असेल, तर दोन-तीन अळ्या वेगळ्या बाटलीत ९५ टक्क्यांच्या इथेनॉलमध्ये ठेवाव्यात.

चिठ्ठी बाटलीच्या आत हवी, पेन्सिलने लिहिलेली. तारीख, गाव, जनावर, जखम शरीरावर कुठे, अळ्या किती खोलीवरून काढल्या. बाहेर चिकटवलेले बॉलपेनचे लेबल इथेनॉलचा एक थेंब पुसून टाकतो.

भिंगाखाली, मागच्या टोकापासून

अळीला डोके असे वेगळे दिसत नाही. टोकदार बाजू पुढची, बोथट बाजू मागची. ओळखीची सुरुवात मागून होते, कारण मागच्या टोकाला श्वासरंध्रांच्या दोन तपकिरी चकत्या असतात आणि त्या बरेच काही सांगतात. दुहेरी भिंगाचा, ५० पटीपर्यंत मोठे दाखवणारा सूक्ष्मदर्शक यासाठी पुरतो.

प्रत्येक चकतीतल्या फटी मोजायच्या. तीन फटी म्हणजे तिसऱ्या, शेवटच्या अवस्थेतली अळी. दोन म्हणजे दुसरी अवस्था. पुढची लक्षणे तिसऱ्या अवस्थेसाठी आहेत. ती दुसऱ्या अवस्थेवर लावली, तर उत्तर चुकते आणि चुकल्याचे कळतही नाही. पहिल्या अवस्थेतल्या अळ्यांवरून नेहमीच्या प्रयोगशाळेने जात सांगण्याचा मोह धरू नये.

चकत्या एखाद्या खोल खड्ड्यात बसल्या असतील, मागचा भाग आत ओढल्यासारखा आणि फटी जवळजवळ उभ्या असतील, तर ती सार्कोफॅजिडी, म्हणजे लिबियाच्या संदर्भात वोलफार्शिया. चकत्या उघड्या पृष्ठभागावर असतील तर कॅलिफोरिडी, म्हणजे वरच्या यादीतल्या बाकी पाचही नावांचे कुळ. आता चकतीभोवतीचे कडे पाहायचे. कडे बारीक आणि पूर्ण बंद, खालच्या बाजूला ठळक ‘बटण’, हे झाले ल्युसिलिया. कडे जाड आणि खालच्या बाजूला उघडे, फटी सरळ आणि त्या उघड्या भागाकडे झुकलेल्या, बटण अस्पष्ट, हे कॉक्लिओमाया आणि क्रायसोमाया दोन्हींत दिसते. अंगावर मांसल काटेरी उंचवटे असतील, तर अल्बिसेप्स. ते नसतील, अंग गुळगुळीत आणि शरीराच्या खंडाखंडांवर (वलयांवर) दाट काळसर काट्यांचे पट्टे असतील, तर आपण स्क्रूवर्मच्या दारात आलो. पूर्ण वाढलेली अळी साधारण १५ ते १७ मिलिमीटरची असते.

इथून पुढे दोन लक्षणे. त्यातले पहिले इतके स्पष्ट आहे की जिवंत अळीत ते नुसत्या डोळ्यांनाही दिसते. मागच्या दोन चकत्यांपासून शरीराच्या वरच्या बाजूने दोन जाड श्वासनलिका पुढे जातात. होमिनिव्होरॅक्समध्ये त्या काळ्या असतात, आणि काळेपणा शेवटच्या, बाराव्या खंडापासून पुढे दहाव्या किंवा नवव्या खंडापर्यंत पोहोचतो. बेझियानात या मुख्य नलिकांचा काळा भाग बाराव्या खंडापुरताच असतो. मॅसेलारियात नलिका अशा काळ्या नसतातच. खंड मोजताना डोक्याचा लहान भाग हा पहिला धरायचा. तो वगळला तर संपूर्ण मोजणी एकाने सरकते आणि निकालही सरकतो.

दुसरे लक्षण पुढच्या टोकाला, दुसऱ्या खंडावर. तिथल्या श्वासरंध्रांना बोटांसारखे फाटे असतात. बेझियानात ते बहुधा ४ ते ६, होमिनिव्होरॅक्समध्ये बहुधा ७ ते ९. पण टोकाच्या संख्या एकमेकींत शिरतात: बेझियानात ७ आणि होमिनिव्होरॅक्समध्ये ६ फाट्यांच्या अळ्याही असतात. एकाच अळीचे एकाच बाजूचे फाटे मोजून निकाल देणारा माणूस नाणे उडवत असतो. दहा अळ्यांचे दोन्ही बाजूंचे फाटे मोजले की वीस आकडे हाती येतात आणि त्यांचा कल सहसा स्वच्छ असतो. श्वासनलिका आणि फाटे यांचे म्हणणे जुळले नाही, तर आधी खंडांची मोजणी पुन्हा करायची आणि त्यानंतर जखमेत दोन जाती मिसळल्या आहेत का ते पाहायचे. या दोहोंत माझा विश्वास नलिकांवर जास्त आहे.

साठवलेल्या अळीत नलिका धूसर दिसत असतील, तर अळीच्या मागच्या एक-तृतीयांश भागाला पोटाच्या बाजूने चीर द्यायची आणि तो १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये (१०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम) थंड, रात्रभर ठेवायचा. मांस विरघळते, नलिका आणि कातडी उरते. पाण्याने धुवायचे, ॲसेटिक आम्लाचा एक थेंब टाकून अल्कली मारायची आणि ग्लिसरीनमध्ये ठेवून पाहायचे. घाईत द्रव उकळवला तर नलिका कोसळून सुरकुततात. रंग राहतो, पण तो कोणत्या खंडापर्यंत आहे हे सांगता येत नाही.

आणखी एक फसवा प्रकार. अळीच्या अन्नपिशवीत रक्त आणि मांसाचा काळपट रस असतो, आणि तो कातडीतून दिसतो. तो एकच, मध्यावर आणि पुढच्या भागात असतो. नलिका दोन, समांतर आणि मागून सुरू होणाऱ्या. हा फरक माहीत नसेल तर पोट भरलेली कोणतीही अळी ‘काळ्या रेषेची’ वाटते.

प्रौढ माशीवर शिक्कामोर्तब

अळीवरून निकाल बहुतेक लागतो, पण जगाच्या एखाद्या खंडात पहिल्यांदाच सापडलेली माशी जाहीर करायची असेल, तर प्रौढ हातात हवी. जखमेतून आपोआप गळून पडलेल्या किंवा पूर्ण वाढलेल्या अळ्या ओलसर वाळूत किंवा लाकडाच्या भुशात ठेवल्या की त्या कोष करतात, आणि उबदार हवेत साधारण आठवड्याभरात माशा निघतात. अर्धवट वाढलेल्या अळ्या वाळूत ठेवल्या तर उपासाने मरतात. बाटलीचे तोंड घट्ट बारीक जाळीने बांधायचे. नव्या देशात आलेली माशी प्रयोगशाळेच्या खिडकीतून सुटणे परवडणारे नसते. निघालेली माशी किमान एक दिवस जिवंत ठेवायची, मग मारून टाचणीवर लावायची. ताज्या माशीचे रंग कच्चे असतात. ज्या भागाचा काळा-पिवळा फरक पाहायचा तोच भाग तिच्यात फिका निघतो. इथेनॉलमध्ये बुडवलेल्या माशीच्या अंगावरच्या चांदीसारख्या भुकटीचे नक्षीकाम नीट दिसत नाही.

आधी प्रजाती. कॉक्लिओमायाचे तोंडाजवळचे स्पर्शक आखूड आणि दोऱ्यासारखे बारीक असतात, क्रायसोमायाचे टोकाला जाड आणि नेहमीच्या लांबीचे. पंखाच्या मुळाशी, छातीला लागून असलेल्या खालच्या पडद्याची वरची बाजू कॉक्लिओमायात बिनकेसांची, क्रायसोमायात केसाळ. दोन्ही लक्षणे जुळली तर प्रजातीबद्दल शंका राहत नाही.

मग बहिणी-बहिणींतला फरक. छातीवर तीन गडद पट्टे दोघींच्याही असतात, तिथे वेळ घालवू नये. कपाळाच्या कडेच्या पट्टीवर, काळ्या राठ केसांच्या रांगेबाहेर जे बारीक केस असतात, ते होमिनिव्होरॅक्समध्ये काळे आणि मॅसेलारियात फिके पिवळसर. मादीत पंखाच्या पुढच्या कडेच्या मुळाशी एक छोटा खवला असतो, बेसिकोस्टा. होमिनिव्होरॅक्सच्या मादीत तो काळपट, मॅसेलारियात पिवळा. मॅसेलारियाच्या पोटाच्या शेवटच्या दिसणाऱ्या खंडावर दोन्ही बाजूंना चांदीसारखे डाग दिसतात, होमिनिव्होरॅक्समध्ये तसे नसतात. नर असेल तर जननेंद्रियांची रचना पाहून वादच मिटतो.

हा शेवटचा मुद्दा अमेरिकेला महागात पडला होता. १८५८ मध्ये कीटकतज्ज्ञ कोकरेलने फ्रेंच गयानातल्या माणसांच्या जखमांमधून या माशीचे वर्णन केले होते. तरी अमेरिकेत पुढची कित्येक दशके जखमेतली आणि कुजलेल्या जनावरावरची माशी एकच, मॅसेलारिया, धरली जात होती. लोक मेलेली जनावरे जाळत आणि सडक्या मांसाच्या सापळ्यांत माशा पकडत. १९३३ मध्ये कुशिंग आणि पॅटन या कीटकतज्ज्ञांनी नरांच्या जननेंद्रियांवरून दोघी वेगळ्या असल्याचे दाखवले. मॅसेलारिया मुख्यतः मृतदेहावर वाढते. होमिनिव्होरॅक्सला जिवंत, उष्ण रक्ताचे शरीर लागते. म्हणजे इतकी वर्षे सापळे भरत होते ते दुसऱ्याच माशीने. यातला पॅटन त्याआधी भारतात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होता, आणि आपल्याकडच्या जखमेत अळ्या करणाऱ्या माशांवरही त्याने बरेच काम केले.

नाव पक्के झाल्यावर

लिबियात १९९० या एका वर्षात १२,०००हून अधिक जनावरांत ही अळी नोंदली गेली, माणसांतही झाली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने मोहीम उभी राहिली. मेक्सिकोतल्या तुश्तला गुतिएरेझ इथल्या कारखान्यात किरणोत्साराने वांझ केलेले कोष थंड ठेवून विमानाने त्रिपोलीला येऊ लागले. लिबियातल्या माशीचा आणि मेक्सिकोच्या कारखान्यातल्या माशीचा समागम होतो का, हे आधी तपासून घेतले होते. जात एक असली तरी दूरच्या प्रदेशांतल्या माशा एकमेकींना टाळतील, ही शंका रास्त होती. डिसेंबर १९९० मध्ये माशा सोडायला सुरुवात झाली आणि पुढे आठवड्याला ४ कोटींपर्यंत मजल गेली. एकूण सुमारे १३० कोटी. शेवटचे प्रकरण एप्रिल १९९१ मध्ये सापडले, आणि जून १९९२ मध्ये देश या माशीपासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

या सगळ्या काळात जमिनीवर तपासणी पथके कळप पाहत होती, जखमांत औषध भरत होती आणि प्रत्येक संशयित जखमेतल्या अळ्या प्रयोगशाळेत येत होत्या. मोहिमेच्या शेवटी हे काम सर्वांत नाजूक होते. वोलफार्शिया तिथे होतीच आणि राहणार होती. तिच्या अळीला चुकून स्क्रूवर्म म्हटले असते, तर मोहीम विनाकारण लांबली असती. उलट चूक झाली असती, तर ती अर्ध्यावर थांबली असती.

आपल्या गोठ्यातला नमुना

महाराष्ट्रात गाई-म्हशींच्या, शेळ्यांच्या आणि भटक्या कुत्र्यांच्या जखमेत जे किडे पडतात, त्यांत बेझियाना नेहमीची आहे. शिंगाच्या मुळाची जखम, वासराची नाळ, व्यायल्यावरची इजा, कुत्र्याच्या कानामागची जखम या तिच्या ठरलेल्या जागा. बहुतेक ठिकाणी टर्पेंटाइनचा बोळा नाहीतर सीताफळाचा पाला लावून विषय संपतो, आणि जात कोणी पाहत नाही. उपचारापुरते ते चालूनही जाते.

नमुना घेतला, तर वरचीच किल्ली लागू पडते, फक्त वगळायची नावे बदलतात. वोलफार्शियाच्या जागी इतर सार्कोफॅजिडी येतात आणि बेझियानाशी गोंधळणारी मुख्य माशी ठरते क्रायसोमाया मेगासेफाला, मासळी बाजारातली मोठ्या लाल डोळ्यांची हिरवी-निळी माशी. तिच्या अळीच्या पुढच्या श्वासरंध्राला दहाहून जास्त फाटे असतात, त्यामुळे अळीत गोंधळ होत नाही. प्रौढात पंखाच्या मुळाचा खालचा पडदा पाहावा: बेझियानात पांढरा, मेगासेफालात गडद तपकिरी. नर मेगासेफालाच्या डोळ्यांत वरचे मोठे दाणे आणि खालचे लहान दाणे यांच्यात स्पष्ट सीमारेषा दिसते. बेझियानाच्या नरात अशी रेषा नसते. गोठ्याभोवती जाळीने पकडलेल्या हिरव्या माशांत बेझियाना क्वचित मिळते, म्हणून ‘माशी दिसली नाही’ यावरून काहीही ठरवू नये. अळीपासून माशी वाढवणे हाच खात्रीचा मार्ग.

होमिनिव्होरॅक्स २०२३ पासून मध्य अमेरिकेतून पुन्हा उत्तरेकडे सरकते आहे आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोत तिची नोंद झाली. आपल्याकडच्या एखाद्या जखमेतून, विशेषतः परदेशातून आलेल्या कुत्र्याच्या, घोड्याच्या किंवा प्रवाशाच्या जखमेतून, तिसऱ्या अवस्थेतली अळी मिळाली आणि तिच्या दोन्ही काळ्या नलिका बारावा खंड ओलांडून पुढे गेलेल्या दिसल्या, तर उरलेल्या अळ्या फेकू नयेत आणि वाळूतही वाढवू नयेत. सगळ्या उकळून उतरवलेल्या पाण्यात मारून अर्ध्या ८० आणि अर्ध्या ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवाव्यात, रुग्णाचा गेल्या महिन्याभराचा प्रवास चिठ्ठीवर लिहावा आणि जिल्हा पशुसंवर्धन अधिकाऱ्याला त्याच दिवशी कळवावे.